एक जूनची मंडळी

फुलंब्रीच्या जिल्हा परिषद प्रशालेत एक गंमत होती. एक जून आला की निम्म्या स्टाफचा वाढदिवस! गणिताचे गाडेकर सर एक जून, क्लार्क साहेबराव तुपे एक जून, शिपाई दगडाबाई एक जून. इतकी माणसं एकाच दिवशी जन्माला यायला तो काय कुठला पर्वकाळ होता? छे हो. पूर्वी बाप पोराला दंडाला धरून शाळेत न्यायचा. मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? बाप डोकं खाजवायचा. मग मास्तर दौतीत टाक बुडवून ठोकून द्यायचे, एक जून. शाळा जूनात सुरू होते, वय मोजायला सोपं. अशी मराठवाड्यात गावंच्या गावं एक जूनला जन्मली.

इंग्रजीच्या उमा सेलूकरबाई मात्र खऱ्याखुऱ्या एक जूनला जन्मल्या होत्या. बुधवार, पहाटे पाच वाजून वीस मिनिटं, स्वाती नक्षत्र. वडिलांनी घड्याळ समोर ठेवून पत्रिका मांडली होती. पण पटवणार कुणाला? नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी लाजत लाजत स्टाफरूममध्ये आपली तारीख सांगितली, तर गाडेकर सर म्हणाले, "या बाई, या! तुमचा मास्तर आमच्या मास्तरचा भाऊच दिसतोय." सगळे खो खो हसले. बाईंनी पत्रिकेचं नाव काढलं, वेळेसकट सगळं सांगितलं. त्यावर सर म्हणाले, "आरं वा, मास्तरनं पत्रिकाबी लिव्हली का?"

झालं. तेव्हापासून तीस वर्षं, नोकरी संपली तरीसुद्धा, एक जूनला चौघांचा मिळून एक केक. केकवर कुणाचंही नाव नाही. घरी यावं तर नवरा, श्रीधरपंत, पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, "शाळेत झाला ना वाढदिवस? मग आता काय खिचडीच टाक." बाई वरून हसायच्या आणि आतून त्यांचा नुसता जळफळाट व्हायचा. काही सोन्याच्या पाटल्या मागत नव्हत्या त्या. एकदाच, मरायच्या आत एकदाच, माझा वाढदिवस माझा म्हणून व्हावा, एवढंच मागणं होतं. आणि यंदा तर साठावा होता. यंदा समाईक केकाला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

तेवढ्यात साहेबरावांचा फोन आला.

"बाई, गोव्याला चला. दगडाबाई उद्या रिटायर होतेय, तिला समुद्र दावायचाय. आन् एक ध्यानात घ्या, पणजीला नदीत जहाज हाय, त्याच्यावर कॅसिनो. ज्याचा वाढदिवस त्याला तिकीट माफ! आपुन चौघं एक जून, चौघं फुकट!"

"मला नाही जुगार खेळता येत."

"मला तरी कुठं येतंय? अहो, त्या तारखेनं आपल्याला जन्मभर छळलं, एकदा तरी तिच्याकडून काही वसूल करू की!"

दगडाबाईचं नाव काढल्यावर नाही म्हणणं बाईंच्या जिवावर आलं. शिपायाला साठ वर्षांपर्यंत नोकरी असते, म्हणून बाकीचे निवृत्त झाले तरी ती दोन वर्षं मागं राहिली होती. बाई आजारी असताना त्यांच्या वर्गावर जाऊन बसणारी, पोरांना दटावून कविता म्हणायला लावणारी ही दगडाबाई. तर तिच्या निरोपसमारंभाचा हार अजून गळ्यात, अशी मंडळी शहरातल्या सिडकोच्या स्टँडाजवळून ट्रॅव्हल्समध्ये बसली. गाडेकर सरांच्या सौभाग्यवती आशाबाईही आल्या. त्यांच्या आधार कार्डावर एक जानेवारी होता, कार्डवाल्यानं आपल्या मनानं टाकलेला.

"तुमचा मास्तर येगळा," साहेबराव म्हणाले, "तुम्हाला तिकीट पडंल."

"पडू द्या," आशाबाई म्हणाल्या. "ह्यांच्यासंगं जन्म काढला, तिकिटाचं काय घेऊन बसलात!"

रस्ताभर धपाटी, ठेचा आणि सरांचे विनोद. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले, दुपारी दगडाबाईनं साडी पिंढरीपर्यंत उचलून समुद्रात पाय घातले आणि "लई खारट हो!" म्हणून तोंड वाकडं केलं. सगळ्यांनी बाईंना "हॅपी बर्थडे" म्हटलं, आणि लगेच एकमेकांनाही म्हटलं. बाईंनी दात ओठ खाऊन सगळ्यांना उलट शुभेच्छा दिल्या.

संध्याकाळी पाच वाजता मंडळी कॅसिनोच्या काउंटरवर उभी. साहेबरावांनी पत्त्यांचं पान टाकावं तशी एकेक करून चार आधार कार्डं टाकली. काउंटरवरच्या मुलीनं पहिलं बघून हसून शुभेच्छा दिल्या. दुसऱ्याला हसू कमी झालं. तिसऱ्याला भुवया वर गेल्या. चौथं कार्ड न बघताच तिनं मॅनेजरला बोलावलं.

मॅनेजर कोट घातलेला, बोलायला गोड, पण पक्का. "चौघांचा एकच दिवस? भावंडं काय तुम्ही?"

खरं तर इथं गप्प बसायचं होतं. पण गप्प बसले तर ते गाडेकर सर कसले! त्यांनी मोठ्या अभिमानानं सगळं रामायण सांगितलं: बाप, मास्तर, दौत, टाक. "आता माझंच घ्या. आई म्हणायची, तुरी काढायच्या टायमाला झाला. वरीस तिला बी ठावं नव्हतं!"

मॅनेजरनं ऐकून घेतलं. त्याच्या गोव्यात म्हणे पोर्तुगीजांच्या काळापासून पोर जन्मलं की नोंद. "म्हणजे काका, तुम्हीच सांगताय की ह्या तारखा खोट्या आहेत?"

"खोट्या कशानं? सरकारी हायेत!"

"सवलत ज्याचा आज खरंच वाढदिवस आहे त्याला. तुमच्यात आहे का कुणाचा?"

साहेबरावांनी सरांकडं असं बघितलं, जणू गणिताच्या मास्तरनं आज बेरीज चुकवली. मागं रांग वाढत होती. दगडाबाई म्हणाली, "चला माघारी, बाहेर भेळ खाऊ."

आणि उमाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "माझा आहे."

"मॅडम, कार्ड तर तुमचंही तेच."

"अहो, पण माझा खरा आहे! पत्रिका आहे माझी!"

"आणलीय?"

वाढदिवसाला पत्रिका घेऊन कोण फिरतं हो? बाईंचा चेहरा पडला. साठ वर्षं पुरी झाली आणि परक्या गावात, परक्या माणसासमोर, आपण जन्माला आलो त्या दिवसाची भीक मागायची वेळ आली. त्यांना भीती वाटली ती मॅनेजरची नव्हेच. त्यांनी गाडेकर सरांकडं बघितलं. आता हा गृहस्थ तोंड उघडणार, मास्तर, पत्रिका, टाक, सगळं पुन्हा होणार, रांगेतले लोक हसणार. डोळ्यांत पाणी आलंच त्यांच्या.

सरांनी तोंड उघडलं.

"साहेब, आमची कार्डं ठिवा बाजूला. आम्हाला मास्तरनं जन्म दिलाय. ह्या बाईला तिच्या आईनं दिलाय. बुधवार, पहाटं पाच वाजून वीस मिनिटं, स्वाती नक्षत्र. बापानं घड्याळ म्होरं ठिवून मांडलंय. माझ्या जबानीवर इस्वास नसंल तर लावा तुमच्या मोबाइलात, त्या दिशी बुधवार हुता का न्हाई."

काउंटरवरच्या मुलीनं खरंच मोबाइल काढला. "बुधवारच आहे, सर," ती हळूच मॅनेजरला म्हणाली. मॅनेजर हसला. इतका मुद्देसूद वाढदिवस त्याच्या काउंटरवर कधी आला नसावा. "मॅडमचं तिकीट माफ. केकवर नाव काय घालू?"

"उमा," सर म्हणाले. "नुसतं उमा. ठळक घाला."

बाकीच्यांनी मुकाट्यानं तिकिटं काढली. आत गेल्यावर प्रत्येकाला खेळायला रंगीत चकत्या मिळाल्या. साहेबरावांनी मोठ्या तोऱ्यात गोल फिरणाऱ्या चक्रावर सगळ्या एक आकड्यावर लावल्या, एक जूनचा एक म्हणून. चक्र अठरावर थांबलं. "ही तारीख कधीच कामाची न्हवती," म्हणत ते जेवणाच्या दिशेनं गेले. दगडाबाईनं तीनदा जिंकून चौथ्यांदा सगळं घालवलं आणि टेबलावरच्या पोराला वर्गात दटावतात तसं दटावलं. आशाबाईंनी चकत्या पदराच्या गाठीत बांधल्या. खेळायला नाही म्हणाल्या. नातवाला दाखवायच्या होत्या.

उमाबाईंचं मात्र कशात लक्ष नव्हतं. पाच वीस. स्वाती. हे त्यांनी एकदाच सांगितलं होतं, तीस वर्षांपूर्वी, आणि तेही ह्या माणसाच्या हसण्यात वाहून गेलं होतं. मग याच्या ध्यानात राहिलं कसं?

तेवढ्यात केक आला. गुलाबी, वर ठळक "उमा". स्टेजवरच्या मुलीनं माइकवर नाव पुकारलं, अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी सुरी घेतली आणि तशीच धरून सरांकडं वळल्या.

"सर, खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की."

"पहिल्यापासून?"

"तुम्ही सांगितलं त्याच दिशी पटलं. येवढं पाच वीस न् स्वाती कुणी उगा सांगतं व्हय?"

"मग तीस वर्षं माझी टिंगल करत होतात? लाज नाही वाटली? दर साली मी घरी जाऊन..."

मग दगडाबाईच पुढं आली.

"बाई, एक सांगू? एक जूनला शाळेला सुट्टी आसती. मी किल्ली घिऊन स्टाफरूम उघडायची. सर गावाकडून, कन्नडहून दोन एस्ट्या बदलून भर उन्हात यायचे. काहून? मास्तरच्या टाकाचा वाढदिस करायला? आमच्यात एकीचाच खरा हुता, तोच करत हुतो आम्ही."

"मग नाव का नाही घातलं कधी?"

"नाव घातलं असतं तर तो तुमचा झाला असता," सर मान खाली घालून म्हणाले. "आम्ही कोण मग? टाळ्या वाजवणारे. आमचा वाढदिस जन्मात कुणी केला नाय, बाई. तुमच्यातच घुसून करून घेत हुतो. वाईट वाटलं असंल तर माफी करा."

तीस वर्षं ज्यांच्यावर त्या मनातल्या मनात चरफडत होत्या, ती माणसं तीस वर्षं उन्हातान्हात त्यांचाच वाढदिवस करायला येत होती, आणि त्यातला एक कोपरा तेवढा आपल्यासाठी मागून घेत होती. लाज वाटली, राग आला, आणि आनंदानं छातीच भरून आली, सगळं एकदमच.

"आज मी एकटी कापणार," त्या नाक ओढत म्हणाल्या.

"कापा की," सर म्हणाले. "साठ आज तुमचीच झाली. आमची झाली का व्हायचीत, देव जाणे."

उमाबाईंनी केक कापला. एकटीनं, सावकाश, मनासारखा. आणि पहिला तुकडा, चांगला मूठभर, गाडेकर सरांच्या तोंडात असा कोंबला, की पुढची पाच मिनिटं त्यांना एकही विनोद करता आला नाही.