लेकीच्या रजईची चाल

आवाज

दारव्ह्याचे हाफिजचाचा पिंजारी. गिऱ्हाइकाचा कापूस असला की ते पिंजणाची तात, म्हणजे त्यावर ताणलेली दोरी, सरळ ठोकत, ढंग ढंग ढंग. पण घरच्या पोरीच्या लग्नाची रजई असली की हात वेगळा चालायचा. दोन ठोके भारी, मग तात नुसतीच थरथरत सोडायची, जशी निघालेली पोर उंबऱ्यात जरा थांबते. बापाकडून आलेली चाल. चाचांनी ती बहिणीच्या रजईला वाजवली होती, आता लेक माहनूरच्या.

समोर स्वानंद बसला होता, कानाला हेडफोन लावून. नीळकंठ वकिलांचा मुलगा. मुंबईत सिनेमांसाठी आवाज भरायचा. लहानपणी याच कापसात लोळलेला.

"हे भरून घेऊ का, चाचा?"

"कायले?"

"माहनूरला देईन. सासरी ऐकेल."

"तिच्यापुरतंच बरं. हे बाहेर नाही वाजत."

"तुमच्या गळ्याची शपथ."

"माहा गळा कायले? सोताचा घे," चाचा हसले. आणि नीट भरलं जावं म्हणून चाल पुन्हा वाजवली.

त्या साली कापसाला भाव नव्हता. सासरचे शेतकरी, लग्न पुढे गेलं. रजई पेटीत गेली.

चित्र

पुढच्या साली एका रविवारी दुपारी टीव्हीवर सिनेमांचे पुरस्कार. उत्कृष्ट ध्वनीसाठी स्वानंदचं नाव पुकारलं, तशी चाची जैबुनबी साखरेचा डबा आणायला उठल्या.

मग सिनेमातला तुकडा दाखवला. उघडं पडलेलं कापसाचं शेत. बांधावरून तिरडी चाललेली. रडणं नाही, बोलणं नाही. फक्त दोन ठोके भारी, आणि थरथर.

मांडीवर चाचांचा हात आपोआप हलला. मग थांबला.

टाळ्या

सभागृह उभं राहिलं. स्वानंद म्हणाला, "हा आवाज मला माझ्या मातीनं दिला."

"मातीले कवापासून पिंजता येऊन राह्यलं?" जैबुनबी म्हणाल्या. डबा हातातच होता.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"चाचा, पाहिलं ना? आपल्याला मिळालं."

"माहनूरले कवा देतू ते?"

"आता तर सगळ्यांनीच ऐकलं, चाचा."

"हो. मयतावर ऐकलं."

"त्या दृश्यात तो आवाज असा काही बसला... तुम्ही समजून घ्या."

"तू समोर बसला होता, बापू. मले वाटलं, तूच समजला."

शांतता

माहनूरनं पेटीतून रजई काढली, तिच्यावर हात फिरवला, घडी आईच्या खाटेवर ठेवली.

"अब्बा, ही अम्मीले राहू द्या. मले दुकानातली आना. मशीनची."

पिंजाऱ्याच्या पोरीनं मशीनची रजई मागितली आणि पिंजारी बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शकुबाई जुनी गादी घेऊन आल्या. चाचांनी तात ठोकायला घेतली. आवाज भलताच बोथट येत होता. शकुबाईंनी वाकून पाहिलं. दर ठोक्यामागून, थरथर सुटायच्या आत, चाचा तळहातानं तात दाबून धरत होते.