मथुराच्या लांब रोट्या

"मडकं तापलं, कणीक मुरली, अन् तू अजून बाह्या सोडूनच बसली? कर ना वर!" गयाबाई कडाडली.

भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या गयाबाईच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात मथुरा परातीपुढे बसली होती. आज गयाबाईच्या लेकीचं, रंभाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. मुलाकडची माणसं गोंदियाहून सकाळच्या पॅसेंजरने येऊन बसली होती, आणि दुर्गहून लांब रोट्या करायला येणारी बाई नेमकी तापाने पडली होती. आपल्याकडच्या पाहुण्यांना लांब रोटी नाही वाढायची, म्हणजे गयाबाईच्या नवऱ्याची, मारोतरावांची मान खालीच. अशा वेळी शेजारच्या शालिकरामने "आमच्या घरी आहे ना करणारी!" म्हणून छाती फुगवली. कधी गप्प बसावं हे कळलं असतं तर तो शालिकराम कसला! करणारी म्हणजे त्याची बायको, मथुरा.

तसं तो खोटं बोलला नव्हता. माहेरी मथुराच्या रोट्यांचं नाव होतं. सैल कणकेचा गोळा ती दोन्ही हातांवर झेलत अशी ताणायची की रोटी मनगटावरून पुढे सरकत जायची, तलम व्हायची, आणि मग उपड्या मडक्यावर अलगद पसरायची. पण चार वर्षांपूर्वी तिच्या कोपरांवर लाल चट्टे उठले, त्यांवर पांढरा कोंडा धरला, आणि मथुराने हा उद्योगच सोडला. भर मे महिन्यात ती मनगटापर्यंतच्या बाह्यांचं पोलकं घालायची. कोणी विचारलं तर थंडी वाजते म्हणायची. भिलाईच्या उन्हात थंडी! दवाखान्याच्या मलमाला डांबराचा वास यायचा, पण नवरा पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनला, डांबराच्याच धुरात कामाला, त्यामुळे तो वास बिचाऱ्या शालिकरामच्या नावावर खपत होता.

डॉक्टरने तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. हे कोणाला लागत नाही आणि हे पुरतं जातही नाही. दुसरी तिला लगेच पटली. पहिली लोकांना पटेल याचा मात्र भरवसा वाटेना. गावी असे चट्टे दिसले की लोक महारोग म्हणत आणि त्या माणसाचा पाण्याचा गडवा वेगळा करत. तिला तो गडवा नको होता. पण ती भिलाईत नवी असताना तिचं बाळंतपण याच गयाबाईने केलं होतं. तिला नाही म्हणायला तोंड नव्हतं.

पहिली रोटी बाहीला चिकटून फाटली. दुसरीही फाटली. मग मथुराने डोळे मिटले आणि दोन्ही बाह्या वर सारल्या.

"हे काय वं?" गयाबाई एक पाऊल मागे सरकली. एकच, पण मथुराने ते पाहिलं.

"महारोग नाही, बाई. दवाखान्यात दाखवलं. कोणाले लागत नाही. तुमाले सांगायचं भेव वाटे." तिने हातातली कणीक परातीत ठेवली. "आता तुमीच सांगा. करू, का घरी जाऊ?"

गयाबाईने पाहुण्यांच्या खोलीकडे पाहिलं. मग वाकून तिने चट्टे नीट निरखले. "झडते का?"

"कोपरावरचंच झडते. खाली काही नाही."

गयाबाई आत गेली. आता नवऱ्याला सांगणार, मथुराच्या मनात आलं, आणि ती उठायलाच लागली. तेवढ्यात गयाबाई मारोतरावांचं धुतलेलं धोतर घेऊन आली. टर्रकन दोन पट्ट्या फाडून तिने मथुराच्या कोपरांना गुंडाळल्या.

"चार वर्षं उन्हात उकडून राहिली अन् मले सांगितलं नाही? मी का परकी आहो?" ती गाठ मारत म्हणाली. "हात धू अन् लाग कामाले."

मथुरा कामाला लागली. आठवी रोटी उतरली तेव्हा मुलाची आई, भीमाबाई, वासाने अंगणात आली. गरम रोटीचा तुकडा मोडताना तिची नजर पट्ट्यांवर गेली.

"भाजलं का?"

हो म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं! गयाबाई मथुराकडे बघत राहिली. रंभाचं सगळं या बाईच्या हातात होतं.

"नाही," मथुरा म्हणाली. "चामडीचं आहे. जात नाही, पण कोणाले लागतही नाही."

भीमाबाई घास चावत राहिली. "उन्हाळ्यात लय खाजत असंन?"

चार वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मथुराने नुसती मान हलवली.

"बरं, आणखी एक टाक. आत लय गर्दी आहे, मी इथंच खातो." भीमाबाईने पाट ओढला आणि मथुराच्या अगदी शेजारी बसकण मारली.

मथुराला एकदम हसू आलं आणि रडूही आलं. चार वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. हात कणकेने भरलेले, डोळे पुसता येईनात. गयाबाईने आपला पदर पुढे केला आणि तिचे डोळे पुसले.