रांजणावरचा हात

नांदेडच्या बसस्टँडवर गाडी सुटायच्या आधी माझी आई, जगदेवी, खिडकीशी आली आणि म्हणाली, "रुद्राणी, एक सांगून ठेवते. तुझं तोंड हाव म्हणतं आन् अंग न्हाई म्हणतं. ल्हानपणापासून हाय ही खोड. परक्या गावात चाललीस. लोकं अंगाचंच ऐकतात."

"आई, बी.ए.ला मानसशास्त्र होतं मला," मी हसत म्हटलं.

"ती परीक्षा कागदावर झाली," आई म्हणाली आणि माझ्या मांडीवरच्या सिंधुच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन मागे सरली.

मी तिचं बोलणं तिथंच सोडून दिलं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. माझे यजमान बसवंत नव्या कलेक्टर कचेरीत कारकून. उस्मानाबादेहून आलेल्या फायलींचे काही गठ्ठे अजून सुटायचे होते, त्यात दुष्काळाचं काम. कुठल्या गावाला किती टँकर याचे तक्ते ते दिवसभर लिहीत, आणि आमच्या गल्लीत टँकर आठ-आठ दिवस फिरकत नसे.

"एखाद्या तक्त्यात आपली गल्ली घाला की," मी म्हणायची.

"गल्ली शहरात येते. शहराचं टेबल वेगळं."

घरात जमिनीत अर्धा पुरलेला एक रांजण आणि दोन घागरी. सिंधु दीड वर्षाची. चैत्रात तिला जुलाब लागले आणि तीन दिवसांत डोळे खोल गेले. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून द्या आणि देत राहा, अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका. पोर बरी झाली. मी मात्र त्या दिवसापासून रांजणाकडे बघत जगू लागले. दिवसातून चारदा आत हात घालून पाणी कुठवर उतरलं ते बघायची.

शेजारच्या खोलीत गंगम्मा राहायची. सत्तरीची, एकटी, मूळची उदगीरकडची. बोलताना मध्येच कानडी शब्द यायचा. आम्ही तिला अव्वा म्हणत असू. गल्लीत लिंगायतांची घरं दोनच, तिचं आणि आमचं. तिचा नेम असा की सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, मग खाणं तर लांबच. टँकरच्या रेटारेटीत तिचा टिकाव लागत नसे. अर्धी बादली गढूळ पाणी मिळे, तेही वापरायला. पूजेचं पाणी ती आमच्याकडून नेई. रोज एक तांब्या. त्यातलंच उरलेलं दिवसभर पुरवून पिई.

"आलं गं तुझं गिऱ्हाईक," ती दारातून म्हणायची. सिंधु धावत जाऊन तिच्या पायांना मिठी मारायची.

"या की अव्वा. घ्या पाणी."

मी तिला कधीही नाही म्हटलं नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन. पण वैशाख लागला, रांजणाचा तळ हाताला लागू लागला, आणि तिची काठी वाजली की मी हातातलं काम टाकून रांजणापाशी जाऊन उभी राहू लागले. डावा हात झाकणावर. मान खाली. "घ्या की" म्हणायची, पण श्वास धरून. मला यातलं काही जाणवत नव्हतं. सिंधुला जाणवत असावं. ती अव्वाकडे जाईनाशी झाली. काठी वाजली की माझा पदर धरून रडायची.

"पोर अव्वाला घाबरायला लागली," मी यजमानांना सांगितलं.

"अव्वाला काय घाबरायचं? तिच्या तोंडात दातसुद्धा नाहीत."

मग तो सोमवार आला. अव्वा दारात उभी होती. मी स्टोव्हपाशी, दूध वर येत होतं, त्यामुळे उठायला उशीर झाला. सिंधु तुरुतुरु गेली. रांजणाला पाठ लावून उभी राहिली आणि टाचा उंचावून डावा तळहात झाकणावर ठेवला. मान खाली, ओठ घट्ट मिटलेले. ती मान माझी होती. ओठही माझेच.

अव्वाने त्या हाताकडे बघितलं. मग हसली. "पोरगी हुशार हाय. आईचं बघून शिकायलीय."

"लेकरू आहे अव्वा, तिला काय कळतं. घ्या ना पाणी," मी म्हटलं. जागची उठले नाही.

"हाय माझ्याकडं कालचं," ती म्हणाली आणि रिकामा तांब्या पदराखाली घेऊन गेली. तांब्या झाकून न्यायची तिच्यावर त्याआधी कधी वेळ आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मला हायसं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती तिच्या उंबऱ्यावर बसलेली दिसली. मी आमच्या दारातूनच विचारलं, "अव्वा, पाण्याचं कसं?"

"मिळायलंय की."

जीभ टाळूला चिकटत होती तिची. ओठांना भेगा, भेगांत सुकलेलं रक्त. एका हाताने तिने चौकट घट्ट धरली होती. माझी नजर बारीक आहे असं सगळे म्हणतात, आणि मी ते सगळं पाहिलं. तिने माझ्या शब्दांवर न जाता माझा हात वाचला होता. मी तिच्या ओठांकडे बघूनही तिचे शब्द धरून बसले, कारण ते माझ्या सोयीचे होते.

शुक्रवारी सकाळी तिचं दार उघडलं नाही. हाका मारून झाल्या, मग यजमानांनी खांदा लावून दार उघडलं. अव्वा चटईवर कुशीला पडली होती. श्वास चालू होता. पुढ्यात पाट, पाटावर विभूती आणि कोरडा तांब्या. डब्यात चुरमुरे आणि गूळ तसाच. कोपऱ्यातल्या बादलीत वीतभर गढूळ पाणी होतं; त्याला तिने हात लावला नव्हता. लिंगाला नाही, म्हणून घशालाही नाही.

दवाखान्यात सलाईन लावलं. दुपारी तिने डोळे उघडले. मी घरून काठोकाठ भरलेला तांब्या नेला होता. तिने गळ्यातलं लिंग सोडवून कसंबसं तळहातावर घेतलं. मी वरून तांब्या कलता केला. ती पाण्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. आणि माझा हात आखडलेला होता. ती आता जाईल या भीतीने आखडला होता. धार दोऱ्याएवढी पडत होती.

"पुरे गं," अव्वा म्हणाली. "लेकराला ठेव."

हात कशाने आखडला हे सांगायला माझ्याकडे शब्द होते. पण माझ्या शब्दांवर तिने का विश्वास ठेवावा?

ती रविवारी गेली. उदगीरहून तिचा पुतण्या महादेवप्पा आला. सगळं आटोपल्यावर खोली रिकामी करताना मला म्हणाला, "काकू तुमचं लई नाव घ्यायची, ताई. रोज पाणी देतात म्हणायची."

"हो," मी म्हटलं. मान मात्र हलली नाही.

आता सिंधु चार वर्षांची झाली. पाऊस पडला, नळाला एक दिवसाआड पाणी येतं. तरी दारात कुणी आलं की ती खेळ टाकून रांजणाशी जाते आणि झाकणावर हात ठेवते. मी रागावत नाही. रागावले तर तेही शिकेल. मी झाकण काढते, तांब्या भरून तिच्या दोन्ही हातांत देते आणि दारापर्यंत तिच्यासोबत जाते. कधी ती देते. कधी मध्येच थबकून वर माझ्या तोंडाकडे बघते, आणि तेव्हा माझ्या तोंडावर काय असतं ते मला ठाऊक नसतं.

तुमच्या दारी रोज येणारं कुणी अलीकडे यायचं थांबलं आहे का, आठवून बघा. विचारल्यावर "मिळतंय की" म्हणत असेल, तर तेवढ्यावर दारातून परत फिरू नका. आत जा, थोडं बसा. आणि त्यांच्या तांब्यात पाणी आहे का, बघून या.