घोंगड्याखालची पिल्लं

मित्रांनो, कांद्याच्या खोलीत बाजेखाली वाकून बघितलंत तरच मी दिसेन. मी कळकाची एक जुनी टोपली आहे. माझी कड उसवली आहे आणि बुडाला उंदरांनी वाट केली आहे.

नळदुर्गच्या रुद्रम्मा बुरडिणीनं मला विणलं. दोन वर्षांचं मूल मांडी घालून बसेल एवढी मी मोठी. मदिनाबींच्या घरी आले आणि जोंधळ्याची कणसं वाहू लागले. खळ्यावर सगळे म्हणत, "टोपली असावी तर अशी!" मी फुगून जायचे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि दूर कुठंतरी मोठी लढाई चालली होती. मदिनाबींची सून फरिदाबी उमरग्याची. तिच्या आईनं तिला एक तांबडी कोंबडी पाठवली आणि महिन्याभरात आई वारली. त्या कोंबडीला नऊ पिल्लं झाली. चौथ्या दिवशी मुंगसानं कोंबडी नेली.

फरिदाबी रडली नाही. तिनं मला उन्हात वाळवलं, बुडाशी कोरडा भुसा पसरला आणि पिल्लं माझ्यात सोडली. पौषाची थंडी होती. लढाईमुळं रॉकेल मिळेना, मग उबेला कंदील कुठला? तिनं गाडग्यात राख आणि निखारे घालून ते मधोमध ठेवलं. पाण्याच्या पसरट मातीच्या परळात खडे टाकले, एखादं बुडू नये म्हणून.

शेजारची कडूबाई डोकावली.

"अगं बया! किती गं पिल्लं?"

"मोजू नक्को, कडूबाई," मदिनाबी आतून ओरडल्या. "नजर लागती."

"माझ्या नजरंत एवढा जोर असता तर आमचं म्हातारं कवाच सुधारलं असतं!"

तरी मदिनाबींनी माझ्यावर घोंगडं टाकलं आणि चहूबाजूंनी खोचलं. "कुणाला दाखवू नक्को, बहू. झाकलेलं जगतं." फरिदाबीनं मान हलवली. भीती तिलाही होतीच. आईची तेवढीच खूण उरली होती.

आत काय चाललं होतं ते फक्त मला कळत होतं. भुसा ओला झाला. निखाऱ्याचा वास कोंडला. माझ्या कामट्यांना घाम फुटला. पिल्लं गाडग्यापासून पळून माझ्या अंगाला लागली, पंख ढिले सोडून, चोची उघडून. वाऱ्यासाठी माझ्या फटीत चोच घालत, पण बाहेर घोंगडंच. मला ओरडता येत नव्हतं. फरिदाबी दिवसभर कान लावून बसायची. चिवचिवाट कमी झाला की म्हणायची, "निजली वाटतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी कडूबाई विस्तव मागायला आली.

"लई गप हायत गं."

"निजलीत, मावशी."

"भर दुपारी? पिल्लं हायत का जहागीरदार?"

आणि तिनं घोंगडं खसकन ओढलं. दोन पिल्लं ताठ झाली होती. बाकीची धापा टाकत होती.

मदिनाबी आतून धावत आल्या. फरिदाबीनं ती दोन ओंजळीत घेतली. "मावशी, मी इथंच बसले होते. पण बघितलंच न्हाय."

"रडायचं मागनं. आधी निखारं भाईर काढ. भुसा बदल. गाडग्यात कढत पाणी घाल, त्याचं तोंड बांध. घोंगडं निम्म्यावरच टाक, वारं खेळू दे. अन् बघत ऱ्हा. गाडग्याला चिकटली तर थंडी वाजती. लांब पळाली तर उकडतंय. पांगून दाणं टिपाया लागली, मग समज, बरी हायत."

फरिदाबीनं तसंच केलं. पिल्लं गाडग्याला खेटली की ती पाणी बदलायची, लांब सरकली की घोंगडं मागं ओढायची. दिवस कलला तेव्हा सातही पिल्लं पांगून जोंधळ्याच्या कण्या टिपत होती.

मदिनाबी माझ्याजवळ येऊन बसल्या. घोंगडं निम्म्यावरच आहे ना ते बघितलं. मग म्हणाल्या, "बहू, सकाळपासून उपाशी आहेस. जा, जेवून घे. मी बघते."

ती सातही जगली. पुढं माझी कड उसवली, कणसांना पोती आली आणि मला बाजेखाली ढकललं. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी एखादा लहान जीव असेल तर नुसते उशाशी बसू नका. त्याला काय होतंय हे त्याला सांगता येत नाही. तो कुठं बसलाय, कसा बसलाय, तेवढंच त्याचं बोलणं. ते ऐकायला कान पुरत नाहीत.