इझाबेलाचे चार बोल्ट

इंजिन साखळीला टांगलेलं होतं. जमिनीवर आखलेल्या खडूच्या रेघेच्या आत कोणी यायचं नाही, असं ल्युडेके यांनी दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा प्रभाताई रेघेच्या चांगल्या हातभर आत उभ्या होत्या. हातात धपाट्यांचा डबा होता.

“अहो आई, मागे या ना! रेघेच्या आत डेंजरस आहे म्हणताहेत ते,” सून अरुंधती गॅरेजच्या दारातून ओरडली.

“दिसली मला रेघ. आमच्या थिएटरच्या दारातही अशीच होती, लाल. आत डॉक्टर आणि मी. नातेवाईक बाहेर.”

“इथे डॉक्टर कोण?”

“हे की.” प्रभाताईंनी ल्युडेकेंकडे मान हलवली. “आणि नातेवाईक तू. गप उभी राहा.”

प्रभाताई मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. सर्जनने न बघता हात पुढे करायचा आणि त्या हातात नेमकं हवं ते हत्यार ठेवायचं, यात त्यांची उभी नोकरी गेली. त्या निवृत्त झाल्या, मग नवरा गेला, आणि आता तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या ब्राउनश्वाइगला लेकाकडे आल्या होत्या. व्हिसाचा शेवटचा आठवडा चालू होता. एवढ्या दिवसांत त्यांना जर्मन आली नव्हती. पण त्यावाचून त्यांचं बोलणं कुठे अडल्याचं कुणाच्या पाहण्यात नव्हतं.

ल्युडेके तळमजल्यावर राहत. वय ऐंशीच्या घरात, बायको गेलेली, कॉलर कायम इस्त्रीची. त्यांचं आडनाव तोंडात मावेना म्हणून प्रभाताई त्यांना पहिल्या आठवड्यापासून ‘अण्णा’ म्हणत. जर्मनीत आना हे बाईचं नाव असतं, हे अरुंधतीने सांगून पाहिलं. “त्यांना चालतंय ना? मग तुला काय होतंय?” असं उत्तर आलं. आणि ल्युडेकेंना खरोखरच चालत होतं. बऱ्याच वर्षांत त्यांना कुणी प्रेमाने कशाचीच हाक मारली नव्हती.

इझाबेला ही त्यांची आजारी बायको, असा पहिले काही दिवस प्रभाताईंचा समज होता, कारण इमारतीतला जो तो जिन्यात थांबून इझाबेलाच्या तब्येतीची चौकशी करी. मग उलगडा झाला की ती मोटार आहे. बोर्गवर्ड इझाबेला, एकसष्ट सालची, फिकट हिरवी. कंपनी कधीच मिटली होती. ल्युडेकेंचा संसारही मिटत आला होता. गाडी मात्र राहिली होती.

यंदा इंजिन बाहेर काढायचं, स्टँडवर चढवायचं आणि हिवाळाभर निवांत खोलत बसायचं, असा त्यांचा बेत होता. म्युनिकच्या मुलाला तो पसंत नव्हता. “पपा, तुमचे हात थरथरतात. विकून टाका,” असं तो दर रविवारी फोनवर म्हणे. शेवटी बापलेकांत ठरलं: पपांनी इंजिन आपल्या हाताने स्टँडवर चढवलं, तर इझाबेला राहील. नाही चढलं, तर सोमवारी सकाळी त्सेले गावचं एक गिऱ्हाईक ट्रेलर घेऊन येईल. आज शनिवार होता. आणि रविवारी त्या देशात खिळा ठोकला तरी तक्रारीला चार खिडक्या उघडतात.

प्रभाताईंचा मुलगा कपिल सकाळीच मदतीला खाली आला होता. तो मोटारींच्या कंपनीतच इंजिनियर, पण बॅटरीच्या सॉफ्टवेअरमधला. त्याने इंजिन पाहिलं होतं ते बहुधा कंपनीने जुन्या इंजिनांना दिलेल्या निरोपसमारंभांच्या फोटोंत. ल्युडेकेंनी त्याचे मनापासून आभार मानले आणि त्याला परत पाठवलं. दुसऱ्याने चढवलं तर मी चढवलं असं मुलाला सांगता येणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि या वयात नवीन काही शिकणं जड जातं.

काम दिसायला सोपं होतं. इंजिनाच्या मागच्या अंगाला, एरवी जिथे गिअरबॉक्स असतो तिथे, चार हातांची एक लोखंडी थाळी बसवायची. चार हात, चार बोल्ट. थाळीला मागे एक जाड नळी असते, ती स्टँडच्या तोंडात सरकवली आणि साखळी सैल सोडली की इंजिन स्टँडचं झालं. मग ते उलटं करा, सुलटं करा. ल्युडेकेंनी तेल काढून ठेवलं होतं. क्लच आणि फ्लायव्हील उतरवलं होतं. थाळी लाकडी ठोकळ्यांवर टेकवून भोकासमोर भोक आणलं होतं. सगळं एकट्याने, आठवडाभर खपून. आता फक्त बोल्ट राहिले होते, आणि तिथेच सगळं अडलं होतं.

बोल्टचे पहिले आटे बोटांनीच लावावे लागतात. आटा तिरका बसतोय हे बोटांना कळतं, पान्याला कळत नाही. तो आपला जोर करत सुटतो आणि भोक कायमचं वाया जातं.

“असा ब्लॉक आता जगात कुणी ओतत नाही,” ल्युडेके म्हणाले आणि अरुंधतीने ते मराठीत सांगितलं. “एक भोक गेलं की सगळंच गेलं.”

त्यांनी पहिला बोल्ट उचलला. तो भोकाकडे निघाला, पण गुळाभोवती माशी फिरावी तसा भोकाभोवतीच फिरत राहिला. मग तो निसटला, फरशीवर टणकन आपटला आणि कपाटाखाली गेला. ल्युडेके गुडघ्यावर बसले, तो काढला, फडक्याने पुसला आणि पुन्हा उभे राहिले. कुणाकडेही न बघता.

प्रभाताईंची माणसाच्या चेहऱ्याआधी हातांकडे बघायची जुनी खोड होती. हा कंप त्यांनी पहिल्याच दिवशी हेरला होता.

“कुणी बघत असलं की हात जास्त हलतो,” त्या म्हणाल्या. “अरुंधती, तू भिंतीकडे तोंड कर.”

“आई, मी पीएचडी करतेय.”

“भिंतीकडे बघून कर.”

अरुंधती वळली. प्रभाताई स्वतः डब्याच्या झाकणाकडे बघत राहिल्या. गॅरेजमध्ये नुसता बोल्ट लोखंडाला घासल्याचा बारीक आवाज येत होता. मग तो थांबला. बोल्ट आत गेला होता! अर्धा वेढा, एक वेढा. आणि ल्युडेकेंची बोटं जागच्या जागी थिजली.

“शीफ,” ते पुटपुटले.

तिरका. याला दुभाषी लागला नाही. त्यांनी श्वास रोखून बोल्ट उलटा काढला, टॉर्च लावून भोकात पाहिलं. आटे वाचले होते. मग ते स्टुलावर बसले. तळहातावर बोल्ट ठेवलेला, आणि तो बोल्ट तिथे आपला आपण हलत होता. बोल्टकडेच बघत ते काहीतरी बोलले.

“काय म्हणाले?”

“म्हणाले...” अरुंधती भिंतीलाच सांगत होती, “सोमवारी त्सेलेवाल्यासाठी केक आणून ठेवायला हवा.”

प्रभाताईंनी डबा बाकावर ठेवला. “मी लावते म्हणावं बोल्ट.”

“नाइन.” ल्युडेकेंनी नकाराची मान हलवली. मग नम्रपणे लांबलचक काहीतरी.

“ते थँक यू म्हणताहेत. पण मग ते तुम्ही केलं असं होईल.”

“असं का होईल? गणपतीत काय बघितलं होतं, विचार त्यांना.”

सप्टेंबरमध्ये वरच्या घरी गणपती बसला, तेव्हा ल्युडेकेंना बोलावलं होतं. ते पायमोजे घालून खुर्चीत ताठ बसले होते. कपिल पळीने पाणी सोडत होता आणि शेजारी बसलेल्या अरुंधतीने त्याच्या कोपराला हात लावला होता. पूजा आटोपल्यावर ल्युडेकेंनी हळूच विचारलं होतं, कपिलला बरं नाही का? तुम्ही त्याला धरून का बसला होता? अरुंधतीने सांगितलं, नवरा करतो, बायको त्याच्या हाताला हात लावते, म्हणजे ती पूजा दोघांनी केली असं होतं. “प्राक्टिश,” ल्युडेके म्हणाले होते. सोयीचं आहे.

“पळी मी घेतली आणि कोपराला यानं हात लावला तर चालत नाही का, आई?” अरुंधतीने तेव्हा सासूला विचारलं होतं.

“कुणी विचारलं नाही ग अजून,” प्रभाताई म्हणाल्या होत्या. त्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. चाळीस वर्षं नवऱ्याच्या, शशिकांतरावांच्या कोपरावर असलेल्या हाताला आता काम नव्हतं, म्हणून तो पदराचं टोक धरून होता.

ल्युडेकेंना गणपती आठवला. पण जर्मन माणूस नियम नीट समजून घेतल्याशिवाय त्याचा फायदा घेत नाही.

“ज्याने फक्त हात लावला, त्याला अर्धं श्रेय मिळतं का?” त्यांनी विचारलं.

“अर्धं कशाला? पूर्ण.”

“आणि ज्याने केलं त्याला?”

“त्यालाही पूर्ण.”

“हे गणितात बसत नाही.”

“म्हणून तर देवाधर्मात घातलंय,” प्रभाताई म्हणाल्या. “त्यांना सांग अरुंधती, आमच्याकडे याच्यावर संसार चालतात. वास्तुशांत ह्यांनी केली, मुंज ह्यांनी लावली, सत्यनारायण तर किती झाले. ते सगळं माझंही आहे. मी एकदाही पळी उचलली नाही, पण मी केलं नाही म्हणायची कुणाची टाप आहे?”

अरुंधतीने हे सगळं जर्मनमध्ये नेलं. ‘टाप’पाशी ती जरा अडखळली. ल्युडेकेंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठले आणि नळाकडे गेले. देवाधर्माचं आहे म्हटल्यावर त्यांनी हात धुतले, साबण लावून. प्रभाताईंनीही धुतले, अगदी कोपरापर्यंत, जुन्या सवयीने. घड्याळ त्याआधीच काढून सुनेच्या हाती दिलं होतं.

“हं. लावा हात, अण्णा.”

त्यांचा पंजा प्रभाताईंच्या कोपरावर आला आणि कंप सरळ त्यांच्या हातात उतरला. बोल्ट डगमगला. प्रभाताई थांबल्या. त्यांनी श्वास सोडला आणि ती थरथर नाडी बघावी तशी नुसती बघत राहिल्या. तिलाही एक ताल होता. दोन झटक्यांच्या मधे एक फट होती. त्या फटीत त्यांनी बोल्ट टेकवला.

“लिंक्स,” ल्युडेके म्हणाले.

“डावीकडे,” अरुंधती म्हणाली.

“लांगझाम.”

“हळू.”

“हळूच करतेय की. त्यांना म्हणावं, घाई असती तर धपाटे आधी खाल्ले असते.”

बोल्टने आटा धरला. एक वेढा गेला, दुसरा गेला, सरळ. ल्युडेकेंच्या तोंडून “या, गेनाऊ!” असं निघालं, आणि ते ‘अगदी बरोबर’ही भाषांतराशिवाय पोचलं. दुसऱ्या बोल्टला त्यांनी निम्म्या गोष्टी शब्दांनी सांगितल्या आणि निम्म्या पंजाने; कोपर जरा उचललं की वर, जरा दाबलं की थांबा. तिसऱ्याला ते बोललेच नाहीत. चौथ्याच्या वेळी अरुंधतीच्या लक्षात आलं की आपली दुभाष्याची नोकरी गेली आहे, आणि ती घड्याळ सांभाळत उभी राहिली.

पाना ल्युडेकेंनी स्वतः चालवला. पान्याला दोन्ही हातांनी धरता येतं, त्याला थरथरीचं काही वाटत नाही. बोल्ट आवळले. नळीवर जरासं ग्रीस लावून त्यांनी स्टँड पुढे सरकवला, नळी तोंडात शिरली, आडवी खीळ बसली. आता एकच काम उरलं: क्रेनचा छोटा दांडा फिरवून साखळी सैल सोडायची. एकदम फिरवला तर इंजिन धाडकन बसणार होतं. केसभर फिरवायचा, मग आणखी केसभर. ल्युडेकेंनी दांड्यावर हात ठेवला. दांडा खडखडू लागला.

प्रभाताई पदराचं टोक धरून त्यांच्या उजव्या बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या हाताने पदर सोडला. चार बोटं पुढे गेली आणि ल्युडेकेंच्या कोपराला टेकली.

ल्युडेकेंनी वळून पाहिलं नाही. फक्त कोपर थोडं बाहेर काढलं, नीट टेकता यावं म्हणून. अरुंधती, कुणी न सांगता, भिंतीकडे वळली.

दांडा केसभर फिरला. मग आणखी केसभर. स्टँड वजनाखाली एकदा कण्हला आणि गप्प झाला. साखळी सैल पडली.

ल्युडेकेंनी खिशातून फोन काढला आणि मुलाला लावला. त्यांचं बोलणं आटोपशीर होतं, आणि अरुंधती भिंतीकडे तोंड करूनच हळू आवाजात ते सांगत गेली. “म्हणताहेत, इंजिन स्टँडवर आहे. त्सेलेवाल्याला कळव, येऊ नको म्हणून.”

पलीकडून प्रश्न आला असावा.

“नाही, एकट्याने नाही,” अरुंधती सांगत होती. “पण एकट्याने असं ठरलं नव्हतं. माझ्या हाताने, असं ठरलं होतं.”

मुलाला ते पटेपर्यंत बराच वेळ गेला. तोवर प्रभाताई हलल्या नाहीत. त्यांची बोटं कोपरावरच होती. पूजा संपल्याशिवाय हात काढायचा नसतो.