तोंड टेकडीकडे, पाठ बाजाराकडे

मी एक जुना वाऱ्याचा कोंबडा आहे. अंगानं तांब्याचा, रंगानं आता हिरवा, आणि मुक्काम थॉर्नबेक गावच्या बाजारघराच्या छपरावर, अगदी टोकाला. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करायचं, हा माझा धंदा. मित्रांनो, मी कोंबडा आहे हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं. कारण गावात कुणालाही विचारलंत तर तो म्हणेल, "कोंबडा? आमच्याकडे कुठला कोंबडा? वर एक बदक आहे."

यात माझा काही दोष नाही. मला घडवलं ओबाडाया ट्रंकेट नावाच्या तांबटानं. लोकरीच्या व्यापाऱ्यांनी त्याला कोंबडाच सांगितला होता. ट्रंकेटच्या घरी कोंबडा होताही, पण तो एका जागी ठरेल तर शपथ. ट्रंकेटबाईंचं बदक मात्र दिवसभर चुलीपाशी बसून असायचं. तांबटानं विचार केला, पक्षी तो पक्षी. त्यानं बदक समोर ठेवून मला ठोकून काढलं आणि शेवटी डोक्यावर एक तुरा डकवला. व्यापारी पाहायला आले. माझ्याभोवती फिरले, खाकरले, एकमेकांकडे बघितलं. मग त्यांच्यातला थोरला म्हणाला, "वाईट नाही."

हे ऐकून तुम्हाला वाटेल की माझा अपमान झाला. मुळीच नाही. थॉर्नबेकमध्ये 'वाईट नाही' याच्या वर स्तुतीच नाही. इथे नवरदेव नवरीला पाहूनही एवढंच म्हणतो, आणि नवरी आयुष्यभर ते विसरत नाही.

मला छपरावर चढवलं आणि शेजारच्या पॅडली गावाला आयतंच कोलीत मिळालं. पॅडलीची माणसं आमच्या लोकांना 'बदकं' म्हणून चिडवू लागली. आमच्या लोकांनी चिडायला हवं होतं. त्यांनी काय केलं? खेळाडूंच्या बनियनवर बदक काढून घेतलं आणि पॅडलीला फुटबॉलमध्ये हरवून आले. तेव्हापासून बदक पक्कं झालं. कोंबडा म्हणवून घ्यायची माझी हौस मनातल्या मनात राहिली.

काम मात्र मी चोख केलं. खाली दगडी खांबांच्या आडोशाला बायका लोणी-अंडी घेऊन बसत, चौकात मेंढ्यांचा कलकलाट असे. दर मंगळवारी बाजार भरवण्याची सनद आम्हाला एका राजानं दिली होती. त्या राजाचं पुढे काही बरं झालं नाही, बाजाराचं झालं. शेतकरी गाडीतून उतरला की आधी वर माझ्याकडे बघायचा, मग बायकोकडे. वारा जिकडून, तिकडे माझी चोच. मी कधी खोटं बोललो नाही.

आगगाडी आली तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांनी सभा घेऊन ठरवलं की धुरानं मेंढ्या काळ्या पडतील. त्यामुळे स्टेशन पॅडलीला मिळालं आणि आम्हाला पांढऱ्या मेंढ्या. पुढे मोठ्या लढाईच्या काळात सरकारला विमानांसाठी धातू हवा होता. गावातली लोखंडी कुंपणं गेली, पातेली गेली. एक साहेब शिडी लावून माझ्यापर्यंत आले. त्यांनी मला खालून-वरून पाहिलं, "बदकाचं कसलं आलंय विमान," असं पुटपुटले आणि उतरले. आयुष्यात एकदाच मला बदक असल्याचा फायदा झाला.

मग आली ती वादळाची सकाळ. मंगळवारच होता. हिल्डा क्रॉम्प नावाची मुलगी नुकतीच बापाच्या जागी चीज विकायला बसू लागली होती. वारा सुटला, तिच्या दुकानाचं कापडी छप्पर उडालं, आणि ती लाल रुमाल बांधलेली पोर त्याच्यामागे चौकभर धावत सुटली. मी वळून तिला बघत होतो. तेवढ्यात पश्चिमेकडून असा तडाखा बसला की मी गर्रकन फिरलो, माझी लोखंडी कांब वाकली, आणि मी तिथेच अडकलो. तोंड क्रुक टेकडीकडे, पाठ बाजाराकडे.

तुम्ही म्हणाल, गावानं लगेच दुरुस्त केलं असेल. अहो, गावाच्या लक्षातच आलं नाही! क्रुक टेकडी ही आमच्या पावसाची वाट. टेकडीकडून वारा म्हणजे पाऊस, आणि आमच्याकडे पाऊस नाही असा दिवस सापडायला पंचांग लागेल. लोक सकाळी वर बघत, बदकाची चोच टेकडीकडे दिसे, लोक छत्री घेत, पाऊस येई. गावात एक म्हणच पडली: 'बदक बघे टेकडीकडे, छत्री घ्या हो थोडी पुढे.' मी बंद पडलो होतो, आणि गावाच्या मते इतका बिनचूक मी पूर्वी कधीच नव्हतो.

पण मला विचाराल तर, त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. एकदा, फक्त एकदा मागे वळून बघायचं. माझा सारा बाजार माझ्या पाठीमागे चालू होता आणि माझ्यासमोर होती एक टेकडी. टेकडीवर काही घडत नाही.

ऐकू मात्र सगळं यायचं. गावाबाहेरून मोठा रस्ता गेला, त्यावर मोठं दुकान झालं, आणि चौकातला कलकलाट कमी कमी होत गेला. बँक बंद झाली, तिथे कॉफीच्या यंत्राची फुसफुस ऐकू येऊ लागली. खाटकाच्या दुकानात लोकांनी दान दिलेले जुने कपडे विकायला आले. टेलिफोनच्या लाल खोक्यात पुस्तकं ठेवली, त्यामुळे तिथून आता कुणी ओरडत नाही. हिल्डाचा आवाज मात्र दर मंगळवारी यायचा. दुकान मांडलं की ती माझ्या शेपटीकडे बघून म्हणायची, "काय बदकराव, आज काय म्हणतोय वारा?" आणि स्वतःच उत्तर द्यायची, "पाऊस म्हणतोय. म्हणू दे." पुढे तिच्या आवाजाशेजारी नॉर्मनचा आवाज आला. तो खिळे-कुलपं विकायचा. त्यांचं लग्न झालं, भांडणं झाली, खूप हसणं झालं. एका हिवाळ्यानंतर नॉर्मनचा आवाज आला नाही. त्या मंगळवारी हिल्डानं मला वारा विचारला नाही. मला वळून बघता आलं नाही, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

अशात लंडनहून मिस्टर पेंटन आमच्या गावी राहायला आले. माणूस सज्जन, नोकरीतून मोकळा झालेला, आणि गावाचं भलं करायच्या विचारानं पेटलेला. एके मंगळवारी ते हिल्डाच्या दुकानापुढे बोट ओलं करून वर धरून उभे राहिले.

"माफ करा," ते म्हणाले, "पण वारा पूर्वेचा आहे. आणि तुमचा कोंबडा पश्चिमेकडे बघतोय."

कोंबडा! कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी कोंबडा म्हटलं. मी हरखून गेलो.

"कुठला कोंबडा?" हिल्डानं विचारलं.

"तो वरचा."

"ते बदक आहे."

"तुरा आहे त्याला."

"असेल. आमच्या बर्टच्या टोपीलाही पीस आहे, म्हणून तो काय मोर झाला?"

शेजारचा भाजीवाला बर्ट गाजरं लावत होता. तो सावकाश म्हणाला, "चुकीचं बघतंय म्हणता? इंटरेस्टिंग आहे हं."

पेंटन खूश झाले. त्यांना कोण सांगणार की थॉर्नबेकमध्ये 'इंटरेस्टिंग' हा शब्द शिवीच्या दोन घरं अलीकडे राहतो! त्यांना वाटलं, गावाला उत्साह आला. ते भेटेल त्याला मला दुरुस्त करायचं सुचवत, आणि जो तो म्हणे, "इंटरेस्टिंग आहे हं." तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यामुळे थोड्याच दिवसांत छप्पर शाकारणारा कॉलिन शिडी लावून तेलाचा डबा घेऊन वर आला. त्यानं कांब सरळ केली, गंज खरवडला, तेल सोडलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा बाबा."

आणि मी वळलो. मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू? टेकडी गेली, चर्चचा मनोरा गेला, आणि समोर माझा चौक आला. केवढासा झाला होता! जिथे मेंढ्यांचे वाडे असत तिथे मोटारी उभ्या होत्या. दुकानं मोजकीच. खांबापाशी निळ्या छपराखाली चीजच्या वड्या मांडून एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती. मी लाल रुमाल शोधत राहिलो. मग तिनं मान वर केली आणि म्हणाली, "अय्या, बदकराव! तुम्हाला तोंडपण आहे होय?" ती हिल्डा होती. मला रडू आलं असतं, पण तांब्याला ती सोय नाही.

त्यानंतर लगेच आला मेंढीमेळा. हल्ली त्यात मेंढ्या नावालाच असतात, बाकी सगळे केक. त्या सकाळी वारा पूर्वेचा होता, म्हणून मी प्रामाणिकपणे पूर्वेकडे बघितलं. गावानं वर पाहिलं. बदक टेकडीकडे बघत नाही! असं कुणाच्या आठवणीत घडलं नव्हतं. सगळ्या गावानं छत्र्या घरी ठेवल्या. कुणीतरी गॉगल घातला. नगराध्यक्षांनी उन्हाळी टोपी चढवली.

आता माझं म्हणणं ऐका. मी वारा सांगतो, पाऊस नाही. पुष्कळदा पाऊस यायच्या आधी वारा पूर्वेचाच असतो आणि ढग मागल्या दारानं येतात. दुपारी केक कापायला आणि आभाळ फाटायला एकच गाठ पडली. बँडच्या तुताऱ्या भरल्या. केकची आंबील झाली. नगराध्यक्षांच्या टोपीची पन्हळ झाली. पण चहाची रांग मोडली नाही हो! माणसं निथळत, एकामागे एक, सभ्यपणे उभी होती, आणि एकमेकांना म्हणत होती, "भुरभुर आहे जराशी." तेवढं म्हणताना प्रत्येक जण माझ्याकडे बघत होता.

सभा माझ्याच पायाखाली, बाजारघरात भरली. छपरातून मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. पेंटन बिचारे शिंकत उभे राहिले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी भरपाई करतो. हा जुना काढून संग्रहालयात ठेवू, आणि मी स्वखर्चानं नवा बसवतो. उत्तम घडवलेला, अगदी कोंबड्यासारखा दिसणारा कोंबडा."

माझं पाणी पाणी झालं. गावात मला कोंबडा म्हणणारा एकच माणूस, आणि तोच मला काढायला निघाला होता! संग्रहालय पॅडलीला आहे, हे वेगळं सांगायला नको.

कुणी नाही म्हणेना. बर्ट म्हणाला, "इंटरेस्टिंग आहे हं," आणि पेंटननी मान डोलावली. माझी शंभरी भरली असं मी समजलो. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मिस्टर पेंटन," हिल्डा म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगत नाहीये, म्हणून मी सांगते. इंटरेस्टिंग म्हणजे नको."

एवढं उघड बोलणं त्या छपराखाली कधी झालंच नव्हतं.

"नको?" पेंटन म्हणाले. "सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच. हवामान आम्ही टेलिफोनवर बघतो हो. बदकाला विचारतो ते कुणाशी तरी बोलायचं म्हणून. माझा नॉर्मन गेला त्या वर्षी सकाळी मी दुसऱ्या कुणाशी बोलतच नव्हते. कोंबडा दहा मिळतील. आमचं बदक आम्हाला हवंय."

नगराध्यक्ष खाकरले. मग ठरलं की मला काढायचं नाही, पण पुन्हा घट्ट बसवायचं, पूर्वीसारखं, टेकडीकडे तोंड करून. म्हणजे छत्रीचा घोळ नको. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी नाही टाकला. मी वाचलो होतो खरा, पण पुन्हा पाठ बाजाराकडेच.

दुसऱ्या दिवशी कॉलिन पाना घेऊन वर आला. मी चौकाकडे तोंड करून होतो. डोळे भरून बघून घेत होतो, हिल्डा, बर्ट, पुस्तकांचं लाल खोकं.

"हिल्डा, फिरवू का गं टेकडीकडे?" कॉलिन वरून ओरडला.

हिल्डा वर बघत राहिली. "राहू दे ना रे," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी तोंड दिसलंय त्याचं."

"मग छत्रीचं काय?" बर्ट म्हणाला. "म्हण आहे आपली. बदक बघे टेकडीकडे."

तेव्हा चीजच्या रांगेत मागे उभे असलेले मिस्टर पेंटन हळूच म्हणाले, "माफ करा, पण त्याचं तोंड इकडे राहिलं तर शेपूट टेकडीकडेच राहील. शेपूट टेकडीकडे, की छत्री घ्यायची. म्हण तेवढी उलटी केली की झालं."

बर्टनं गाजर खाली ठेवलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, टेकडीकडे बघितलं, मग पेंटनकडे.

"वाईट नाही," तो म्हणाला.

पेंटनचे कान लाल झाले. तोपर्यंत त्यांना आमची भाषा समजू लागली होती. कॉलिननं पाना आवळला.

तर मित्रांनो, असा मी पुन्हा अडकलो आहे. वाऱ्याशी माझा आता काही संबंध नाही, आणि रोज पाऊस पडतो तेव्हा गाव म्हणतं, बघा, शेपूट कधी चुकत नाही. तुमच्याही गावात माझ्यासारखं एखादं जुनं खोड असेल. त्याला तेल घाला, गंज काढा, जरूर करा. पण त्याचं तोंड कुठे आहे तेही एकदा बघा. ते माणसांकडे असू द्या आणि जाता-येता वर बघून दोन शब्द बोला. एवढ्यावर आम्ही शंभर वर्षं सहज काढतो.

आज मंगळवार आहे. हिल्डा छप्पर ताणते आहे. पेंटन तिला दोरी धरून देत आहेत. चुकीची धरली आहे, ती रागावते आहे. मग दोघांनी मान वर केली, आणि आधी पेंटनच म्हणाले, "काय बदकराव, आज काय म्हणतोय वारा?"

बदकराव! मी त्यांच्याकडे बघितलं. गावात मला कोंबडा म्हणणारा शेवटचा माणूसही गेला, आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही.