आकड्यात अडकलेली बाही

मला कुणी भित्री म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण हारुनभाईंच्या बेकरीतल्या मळायच्या मशीनपुढं उभं राहिलं की आजही मला भीती वाटते. का वाटते ते ऐका, मग हसायचं तर हसा.

लढाई चालू होती. लष्कराच्या छावणीला पाव पुरवायचे म्हणून हारुनभाईंनी ते मशीन मुंबईहून धुळ्याला आणलं. मोठं लोखंडी भांडं आणि वरून लोंबणारा मनगटाएवढा जाड आकडा. आकडा स्वतःभोवती गिरक्या घ्यायचा आणि गिरक्या घेत घेतच भांड्याच्या कडेकडेनं फिरायचा. आत्ता पलीकडे गेला म्हणावं, तर मेला पुन्हा तोंडापुढं हजर! भिंतीपलीकडे तेलाचं इंजिन होतं, त्याच्या पट्ट्यावर मशीन चालायचं. इंजिनवर आमचे हे, मशीनवर मी आणि हमीदा. हमीदा ही हारुनभाईंची विधवा बहीण, पदरात दोन लेकरं. तिच्या हातांवरच त्यांची पोटं होती.

हारुनभाईंनी पहिल्याच दिवशी दटावलं होतं, "पदर खोचा, बाह्या वर करा. चालत्या भांड्यात हात घालायचा नाही. पीठ बघायचंय? आधी पट्टा मोकळ्या चाकावर घ्या, आकडा थांबू द्या." पट्टा सरकवायला भिंतीशी लाकडी दांडा होता; पट्टा मोकळ्या चाकावर गेला की इंजिन चालू असूनही मशीन थांबायचं.

पण जन्मभर परातीत कणीक मळलेली बाई बोटानं दाबल्याशिवाय पीठ झालं म्हणेल होय? हमीदाचा हात सारखा शिवशिवायचा. मी खेकसायची, "अगं बये, ते काय तुझं लेकरू आहे कुरवाळायला?" ती नुसती हसायची.

त्या शुक्रवारी हे सोडून गडीमाणसं सगळी नमाजाला गेली होती. ती येईपर्यंत पीठ तयार हवं होतं. पीठ घट्ट झालं तसा पट्टा घसरून किंचाळायला लागला. आकडा अडखळत फिरत होता. हमीदाला वाटलं, थांबतोय. घातला हात! दोन बोटांनी पीठ दाबलं न दाबलं तोच आकडा गिरकी घेऊन आला आणि त्यानं तिची बाही गुंडाळून घेतली.

मी दांड्याकडे झेपावले. दांडा जाम! घसरता पट्टा त्यात अडकून बसला होता. मागं वळले तर हमीदा कोपरापर्यंत आत. मी तिच्या कमरेला मिठी घातली, भांड्याला पाय लावला आणि ओढलं. बाही मांजरपाटाची, फाटेल तर शपथ. पट्टा घसरतोय तोवरच हात शाबूत होता. पट्ट्यानं चाक धरलं की हात गेला. तिलाही ते कळत होतं. तिच्या तोंडून आवाज फुटेना, नुसते ओठ हलत होते.

"अहो!" मी ओरडले. "अहो, बंद करा!"

इंजिनच्या धडधडीत ते 'अहो' कुठं विरलं, देव जाणे.

"अहो इंजिनवाले! ऐकलं का!"

छे! तिला सोडून पळावं तर हात आत जाणार. आता नावानंच हाक मारायला हवी होती. नाव जिभेवर आलं आणि घशात परत गेलं. धरणगावच्या माझ्या मावशीनं भांडणाच्या भरात नवऱ्याचं नाव घेतलं आणि त्याच आठवड्यात मावसा प्लेगनं गेले. तेव्हा गावात घरटी माणूस मरत होता. पण मावशीला मरेपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं, नाव घेतलंस आणि आयुष्य खाल्लंस. मी लग्नात उखाण्यात नाव घेतलं तेवढंच. आता इकडे हमीदाचा हात आणि तिकडे माझं कुंकू. अशी भीती वैऱ्यालाही वाटू नये.

पट्ट्याचं किंचाळणं थांबलं. त्यानं चाक धरलं होतं.

"पितांबर!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. "ए पितांबर! बंद कर!"

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. यांनी बांबू घालून पट्टाच उडवला होता. आकडा अर्धी गिरकी घेऊन थांबला. तेव्हा कुठं हमीदाच्या तोंडून किंकाळी निघाली. मनगट पार पिरगाळलं होतं, पण हात होता. पाचही बोटं होती.

हे धावत आले. तिच्याकडे बघायच्या आधी माझे दोन्ही हात धरून उलटेसुलटे करून बघितले. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"तुले काय व्हयनं?" म्हणाले. "माले वाटनं, तू मरी गयी. नई ते तू मनं नाव लेती का?"

मी मेले असंच यांना वाटलं होतं, नाहीतर मी यांचं नाव घेते कशाला! मी भोकाड पसरलं.

पारोळ्याच्या हाडवैद्यानं हमीदाचं मनगट बसवलं. सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला. आणि हारुनभाईंनी नवा नेम घातला: रोज पट्टा चढवायच्या आधी मशीनवरच्या बाईनं इंजिनवाल्याला नावानं हाक मारायची. 'ओ' आली तरच मशीन चालू. हमीदाच्या जागी आलेल्या बायांनी परक्या पुरुषाचं नाव कसं घ्यायचं म्हणून कानावर हात ठेवले. राहिले मी.

रोज हाक मारते. मारताना छाती धडधडते, खोटं कशाला बोलू? यांना साधा ठसका लागला तरी मला मावशी आठवते.

परवा हाक मारली आणि 'ओ' आली नाही. पुन्हा मारली. काही नाही. पिठाच्या हातांनी धडपडत भिंतीपलीकडे गेले, तर हे तेलाच्या डब्यावर बसून गालातल्या गालात हसत होते.

"आखो एक डाव म्हन ना," म्हणाले. अजून एकदा नाव घे म्हणे!

आणि मग यांना इतक्या शिव्या दिल्या, इतक्या दिल्या, सगळ्या नावासकट.